कालवा, खाडी आणि धक्का



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस बोलावणे पाठविले तेव्हा त्यांची समजूत अशी की, आम्ही कामगार कायद्यावर बोलू. तीस वर्षे युनियनचे काम करणारा माणूस दुसरे काय बोलणार! आम्ही त्यांना कळविले की, आमचा विषय अमेरिकेतला एक कालवा आणि आपली धरमतरची खाडी असा आहे. चिटणीस क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "ठीक आहे, पण लोकांना कळेल असे बोला." तेव्हा कळेल असे बोलण्याचा प्रयत्न करतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. त्यापुढचे शिक्षण गावच्या वाचनालयात आणि गोदामांच्या दाराशी झाले. त्यामुळे विद्वत्तेचा भार तुमच्यावर पडणार नाही.

आरंभ कर्जतपासून करू. कर्जतचा बटाटेवडा आपण सर्वांनी खाल्लेला आहे. कर्जतला बटाटे काही विशेष पिकतात असे नाही. मग वडा तेथलाच का प्रसिद्ध झाला? पुण्याकडे जाणारी गाडी घाट चढण्यापूर्वी तेथे थांबे आणि मागे जादा इंजिने जोडावी लागत. तेवढ्या वेळात माणसे खाली उतरत, त्यांना भूक लागे आणि कोणीतरी कढई चढवी. गाडी न थांबता निघून गेली असती तर वडाही झाला नसता. आज आम्हांस जे सांगायचे आहे ते एवढेच आहे. रस्ता, लोहमार्ग, कालवा, बंदर हे गावावरून गेले म्हणून गाव सुधारत नाही. माल कोठे थांबतो, तेथे त्याला किती हात लागतात आणि त्या हातांना काय मिळते, यावर ते ठरते. आता हे कालव्यावरून पाहू.

न्यूयॉर्क हे शहर समुद्रकाठी आहे. त्याच्या पश्चिमेला शेकडो मैलांवर मोठमोठी गोड्या पाण्याची सरोवरे आहेत आणि त्यांच्या भोवती उत्तम गव्हाची जमीन. मधे डोंगर आणि रान. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सरोवराकाठच्या बफेलो गावाहून एक टन माल न्यूयॉर्कला न्यायचा तर सुमारे शंभर डॉलर पडत. गव्हाच्या किमतीपेक्षा भाडे जास्त! तेव्हा शेतकरी गहू विकण्याऐवजी त्याची दारू काढी, कारण दारूचे पिंप वाहून नेणे परवडे. अशा वेळी त्या राज्याचे गव्हर्नर ड्यूइट क्लिंटन यांनी हडसन नदीवरील ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत ३६३ मैलांचा कालवा खणायचे मनावर घेतले. लोकांनी त्याला क्लिंटनचा खड्डा म्हणून हिणवले. मध्यवर्ती सरकारने पैसा दिला नाही. राज्याने तो स्वतः उभा केला. ४ जुलै १८१७ रोजी कुदळ पडली आणि १८२५ च्या ऑक्टोबरात कालवा पुरा झाला. रुंदी चाळीस फूट आणि खोली फक्त चार फूट. आपल्या खारेपाटातल्या एखाद्या नाळेहून खोल नाही! पण बफेलो हे हडसनपेक्षा साडेपाचशे फुटांहून उंच, म्हणून पाण्याच्या पायऱ्या कराव्या लागल्या. दोन दारांच्या मधे होडी घ्यायची, पाणी भरायचे, होडी वर चढते. दार उघडायचे, पुढे जायचे. अशा ८३ पायऱ्या होत्या.

या कामाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. अमेरिकेत त्या वेळी इंजिनियर तयार करणारी शाळा जवळजवळ नव्हतीच. मुख्य काम पाहणारे बेंजामिन राइट आणि जेम्स गेडीस हे दोघे कोर्टकचेरीतले आणि जमीन मोजणीतले लोक. कॅनव्हस व्हाइट नावाच्या तरुणाने इंग्लंडला जाऊन तेथले कालवे पायी फिरून पाहिले, आणि परत आल्यावर पाण्याखाली घट्ट होणारा चुना ज्या दगडापासून निघतो तो दगड त्याने तेथेच, कालव्याच्या वाटेवर, शोधून काढला. काम करता करता ही माणसे शिकली. पुढे देशातले कितीतरी कालवे आणि लोहमार्ग याच माणसांनी व त्यांच्या शिष्यांनी बांधले.

खणणारे मात्र वेगळे. स्थानिक शेतकरी होते आणि पुष्कळसे आयर्लंडहून आलेले गरीब मजूर होते. १८१९ साली माँटेझुमाच्या दलदलीत काम चालले असता हजारभर मजूर तापाने पडले. हिवतापच तो. खाजणात बांध घालणाऱ्या आपल्या माणसांना त्याची ओळख सांगायला नको. आणि ज्या भूमीवरून कालवा गेला ती इरोक्वा लोकांची. त्यांच्याकडून ती करारांनी, फसवणुकीने आणि दडपणाने काढून घेतलेली होती. हे पुस्तकात एखाद्या ओळीत असते. आम्ही ती ओळ दोनदा वाचतो. का, ते उरणची गोष्ट येईल तेव्हा आपणांस समजेल.

कालवा सुरू झाल्यावर टनामागे शंभराचे भाडे दहा डॉलरच्या आत आले. वीस दिवसांचा प्रवास आठवड्यावर आला. होडीला शीड नाही, यंत्र नाही. काठावरून खेचरे दोर ओढीत चालत आणि त्यांच्यामागे बारा-चौदा वर्षांची पोरे. चाल ताशी चार मैलांपेक्षा कमी. हा संथपणाच त्या मुलखाच्या कामी आला असे आमचे मत आहे. होडी दर थोड्या मैलांवर थांबे. दार उघडायला माणूस हवा, खेचरे बदलायला तबेला हवा, खलाशांना भाकरी हवी, फुटलेल्या होडीला सुतार हवा. रॉचेस्टरला धबधबा होता, तेथे पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. गहू आत आला आणि पीठ होऊन बाहेर पडला. लॉकपोर्ट या गावाचे तर नावच पाण्याच्या दारावरून पडले. सिरॅक्यूसला खारे झरे होते, तेथे मिठाचा धंदा वाढला. हे मीठ आपण लक्षात ठेवू. न्यूयॉर्क राज्याने मिठावर कर बसविला आणि तो पैसा कालव्याच्या फंडात घातला. म्हणजे मिठावरच्या करातून कालवा झाला आणि कालव्यामुळे मिठाला गिऱ्हाईक मिळाले. कर वाईटच, पण त्याचे पाणी त्याच शेतात मुरले. आपल्याकडेही उरण, पेण, पनवेलच्या मिठागरांवर इंग्रजांनी कर घेतला. तो १९४७ पर्यंत घेतला. त्या करातून येथे कोणता कालवा झाला, हे आम्हांस अजून कोणी दाखविलेले नाही.

दुसरी गोष्ट मालकीची. कालवा राज्याचा होता. ज्याच्याजवळ होडी असेल त्याने टोल भरावा आणि चालावे. टोलाचा पैसा सरकारी तिजोरीत जाई, त्यातून कर्ज फिटले आणि १८८२ साली टोलही बंद झाला. कालवा पुरा झाला तेव्हा क्लिंटन यांनी सरोवराच्या पाण्याचे पिंप होडीतून आणून न्यूयॉर्कच्या समुद्रात ओतले. नारळी पौर्णिमेला आपण नारळ सोडतो, तसाच तो सोहळा.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या जिल्ह्याला पूर्वी कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १ जानेवारी १९८१ पासून. या जिल्ह्याला कालवा खणावा लागला नाही. निसर्गाने तो आयता दिला आहे. पनवेलची खाडी, धरमतरची खाडी, रेवदंड्याची, मुरुड-राजपुरीची, सावित्रीची. भरतीबरोबर आत जावे, ओहोटीबरोबर बाहेर पडावे. खेचरे नकोत, टोल नको.

आणि एके काळी पनवेल हे आपले बफेलोच होते. १८३० साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. मुंबईचा माणूस होडीने पनवेलला येई आणि तेथून बैलगाडीने पुण्यास जाई. घाटावरचा माल पनवेलला उतरे, मीठ, मासळी, नारळ वर जात. माल होडीतून गाडीत आणि गाडीतून होडीत बदलावा लागे, म्हणून हमाल हवे, वखारी हव्या, सराफ हवे. घाटात गाडीची चाके मोडत, म्हणून पनवेलला चाके करणारे सुतार जमले आणि गाडीची चाके हा त्या गावचा मुख्य धंदा झाला. जुन्या गॅझेटियरांत तशी नोंद आहे. १८५२ साली तेथे नगरपालिका आली, देशात फार थोड्या ठिकाणी होती त्या काळात. मोडलेल्या चाकातून गाव कसे वाढते याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मग लोहमार्ग आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली हे सर्वांस पाठ आहे. घाट चढायला पुढे दहा वर्षे लागली. बोरघाटाच्या कामावर १८६१ साली एकाच वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. पटकीने आणि अपघाताने त्यांतली हजारो माणसे मेली. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकली म्हणून घाटातल्या मजुरांनी उठाव केला, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्ही कधी वाचली नाही. १८६३ साली घाटाचा मार्ग पुरा झाला आणि पनवेलची वाट मागे पडली. माल आता मुंबईत डब्यात चढे आणि पुण्याला उतरे. चाके करणाऱ्यांचे काय झाले असेल ते आपण कल्पनेने जाणा. कर्जतला वडा मिळाला, पनवेलचे सुतार बसले.

किनारा तर त्या मार्गापासून दूरच राहिला. आपल्याकडे उरली होडी आणि पुढे आगबोट. मुंबई फुगत होती. तिला तांदूळ हवा, मीठ हवे, विटा, कौले, वाळू, जळाऊ लाकूड, भाजीपाला हवा. हे सर्व खाडीतून जाई. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ज्यांना लोक भाऊ म्हणत, त्यांनी १८४० च्या सुमारास मुंबईत धक्का बांधला. त्या भाऊच्या धक्क्याचे नाव आपल्या तीन-चार पिढ्यांच्या तोंडी आहे. पण एक फरक पाहा. न्यूयॉर्कच्या कालव्यावर गव्हाचे पीठ वाटेत झाले. आपल्या खाडीतून माल कच्चा गेला आणि परत आला तो बाजारातला जिन्नस होऊन. खारेपाटातला तांदूळ पडावात चढला तेव्हा त्याचे पैसे कुळाच्या हाती पडत नसत. ते खोताच्या आणि सावकाराच्या हाती पडत. १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी जमीन न कसण्याचा संप केला आणि तो सहा वर्षे चालविला. सहा वर्षे! आम्ही जे संप केले ते सहा आठवड्यांवर गेले की आमची झोप उडे.

आणि तांदळाबरोबर माणूसही गेला. मुंबईच्या गिरण्यांना आणि गोदीला हात हवे होते. रत्नागिरी आणि कुलाब्याने ते दिले. आपली खाडी म्हणजे माणसे वाहून नेणारा कालवाच झाला. चाकरमानी हा शब्द घडला तो आगबोटीच्या फळीवर.

आगबोटींचा धंदा प्रथम इंग्रजी कंपनीच्या हाती होता. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वदेशीच्या लाटेत आपल्या लोकांनी भागभांडवल जमवून सहकारी बोट कंपनी काढली. ती "माझी आगबोट कंपनी" म्हणून ओळखली गेली. तिच्या बोटींना संतांची नावे दिलेली असत. नाव संताचे असले तरी समुद्र दया करीत नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात जयंती आणि तुकाराम या आगबोटी वादळात बुडाल्या. आणि १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य महिन्यावर आलेले असताना, मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढी अमावास्या होती. सणाला घरी येणारी माणसे होती, बाजार करून परतणाऱ्या बाया होत्या. आमच्या आईचा मामा त्या बोटीत होता. त्याचे प्रेत मिळाले नाही. आमच्या आजोळी अनेक वर्षे त्याच्या नावाची छत्री खुंटीला टांगलेली होती, कारण त्या दिवशी तो ती विसरून गेला होता. लहानपणी आम्हांस त्या छत्रीला हात लावण्याची परवानगी नव्हती.

आमचे वडील पडावावर खलाशी होते. कौले आणि विटा भरून मुंबईस जायचे. ओहोटी कधी लागते ते त्यांना घड्याळाशिवाय कळे. रात्री दोन वाजता उठून ते पायाने चिखल चाचपून येत आणि म्हणत, "आता निघाले पाहिजे." पडाव भरायला दहा-बारा माणसांची टोळी लागे. बाया डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढत. ट्रक आले, पूल झाले, तेव्हा पडाव एकामागून एक चिखलात बसले. वडिलांचा पडाव मोडून त्याची फळी लोकांनी गोठ्यांना लावली. ट्रकवर आमचा राग नाही. ट्रक दारापर्यंत येतो आणि भरती-ओहोटी पाहत नाही. पण ट्रक आमच्या धक्क्यावर थांबत नव्हता, हे मात्र खरे.

येथे थोडे विषयांतर करतो. अलिबागला चुंबकीय वेधशाळा का आहे, हे ठाऊक आहे ना? ती पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले आणि विजेमुळे चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ साली ती अलिबागला आणली. लोखंड न वापरता इमारत बांधली. मुंबईला ट्राम मिळाली आणि आपल्याला वेधशाळा मिळाली, ती आपल्याकडे ट्राम येण्याची भीती नव्हती म्हणून! वेधशाळेबद्दल आम्हांस अभिमान आहे, पण हसूही येते.

दुसरा प्रकार थळचा. १९८५ च्या सुमारास थळला खताचा मोठा कारखाना सुरू झाला. त्याच्यासाठी पेणहून लोहमार्ग आणला. त्यावरून खताच्या मालगाड्या जातात. माणसांची गाडी त्या मार्गावर आजवर धावलेली नाही. अलिबागचा माणूस फाटकाशी उभा राहतो, मालगाडी जाऊ देतो आणि मग एस.टी.त बसून वडखळच्या गर्दीत अडकतो. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर सुरू झाली. तिचे मोल आम्ही जाणतो. पण ती रोहा, माणगाववरून गेली. मुरुड, श्रीवर्धन, अलिबाग या गावांना ती दिसत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणाविषयी आम्ही काही बोलत नाही. २०११ साली सुरू झालेल्या पनवेल-इंदापूर कामावर बोलायला या सभेत प्रत्येकजण आमच्याहून अधिक समर्थ आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो, आणि त्यासाठी पुन्हा एकदा बफेलोला जावे लागेल. सरोवरातून जहाजाने आलेला गहू कालव्याच्या होडीत चढविण्याचे काम तेथे आयरिश हमाल करीत. पाठीवर पोते, फळीवरून चालत. १८४२ साली जोसेफ डार्ट याने वाफेवर चालणारा उच्चालक बसविला. पट्ट्याला बादल्या लावून गहू वर ओढायचा. हमालांची गरज एकदम घटली. जे उरले ते जहाजाच्या तळाशी उतरून फावड्याने गहू बादल्यांपुढे लोटीत. त्यांना काम देणारा ठेकेदार गुत्तेवालाही असे. मजुरी गुत्त्यातच वाटायची, आधी प्यायलेली दारू कापून. जो पीत नाही त्याला दुसऱ्या दिवशी काम नाही. १८९९ साली या फावडेवाल्यांनी संप केला आणि ती पद्धत मोडली. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात टोळीवाला आणि मुकादम काय करीत होते हे ज्यांना माहीत आहे त्यांना हे परके वाटणार नाही. आपल्याकडे त्यासाठी माथाडी कायदा १९६९ साली झाला. अण्णासाहेब पाटलांनी त्यासाठी आयुष्य वेचले. हमालाची नोंद मंडळात, मजुरी मंडळातून, भविष्य निर्वाह निधी, दवाखाना. जगात फार थोड्या ठिकाणी हमालासाठी असा कायदा आहे.

पण त्या कायद्याच्या तेरा वर्षे आधी, २६ एप्रिल १९५६ रोजी, न्यूयॉर्कजवळच्या न्यूअर्क बंदरातून एक जुने तेलवाहू जहाज अठ्ठावन्न लोखंडी पेट्या घेऊन ह्यूस्टनला गेले. माल्कम मॅक्लिन नावाच्या ट्रकवाल्याची ती युक्ती. माल एकदाच पेटीत भरायचा, पेटी ट्रकवरून क्रेनने थेट जहाजावर. सुटा माल चढवायला टनाला जवळजवळ सहा डॉलर पडत, पेटीने सोळा सेंट पडले. ज्या न्यूयॉर्कला कालव्याने मोठे केले त्याच न्यूयॉर्कचे धक्के या पेटीने रिकामे केले. पेट्यांना मोकळी जागा हवी, ती शहरात नव्हती. बंदर खाडीपलीकडे न्यूअर्क आणि एलिझाबेथला गेले.

मुंबईच्या बाबतीत खाडीपलीकडे म्हणजे आपण. न्हावा-शेवा. २६ मे १९८९ रोजी ते बंदर सुरू झाले. त्याआधी, १९७० पासून, नवी मुंबईसाठी पनवेल, उरण आणि ठाण्याच्या गावांची भातशेती आणि मिठागरे घेतली गेली. भाव इतका कमी की, शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या मागे उभे राहून लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्या रक्तातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के परत देण्याचे तत्त्व आले. कालव्याच्या पुस्तकातली ती ओळ आम्ही दोनदा वाचतो, ती यासाठी.

२०२३-२४ साली त्या बंदरातून वीस फुटी मापाने चौसष्ट लाखांवर पेट्या गेल्या-आल्या. आकडा ऐकून छाती फुगते. पण पेटी बंदरावर थांबत नाही. ती आली तशी रेल्वेच्या सपाट डब्यावर चढते आणि दिल्लीकडे जाते. तिच्या पोटात गहू आहे की यंत्र, हे जासईच्या माणसाला कळतही नाही. जी थोडी पेटी उघडते ती भोवतालच्या यार्डांत. तेथे आमचे काम.

एक गोष्ट आज सांगायची असे आम्ही ठरवून आलो आहो. १९९८ साली अशा एका यार्डात आमची अठ्ठेचाळीस माणसांची टोळी होती. पेटीत पोती भरणे, पोती काढणे. बहुतेक जण जमीन गेलेले, थोडे जुने पडाववाले. मालकाने फोर्कलिफ्ट आणले आणि आठ माणसे पुरतील असे सांगितले. यंत्राला विरोध करण्यात अर्थ नाही हे आम्ही बफेलोवरून जाणत होतो. प्रश्न एवढाच होता की, यंत्राने जे वाचते त्यातला वाटा कोणाला. न्यूयॉर्कच्या गोदी कामगारांनी साठ-सत्तरच्या दशकात हाच प्रश्न लढविला. पेट्या येऊ द्या, पण काम नसले तरी वर्षाच्या उत्पन्नाची हमी द्या, असे म्हणून संप केले आणि हमी मिळविली. आम्ही हे तेव्हा वाचलेले नव्हते. आम्ही एकरकमी पैसा मागितला. माणसांनाही तोच हवा होता. कोणाच्या मुलीचे लग्न होते, कोणाचे घर अर्धे होते. चाळीस जणांना रक्कम मिळाली. करारात दुसरे कलम होते: प्रत्येकाच्या एका वारसाला यंत्र चालविण्याचे शिक्षण देऊन जागा निघेल तसे घ्यावे. पहिल्या कलमाचे पैसे आठवड्यात मिळाले. टाळ्या पडल्या, आम्हांस हार घातला. दुसऱ्या कलमाला मुदत घालायची राहिली. ते आमच्याकडून राहिले. करारावर आमची सही आहे.

तीन वर्षांत बहुतेकांचे पैसे संपले. काहींनी मोटारसायकली घेतल्या, काहींनी कर्ज फेडले, दोघांनी टेम्पो घेतले आणि त्यांतला एक अजून चालतो. यार्ड पुढे दुसऱ्याला विकले गेले. वारसांची यादी जुन्या कचेरीबरोबर नाहीशी झाली. आता त्या मुलांची मुले मोठी झाली आहेत. कोणी पेटीच्या ट्रकवर क्लीनर आहे, कोणी मांडव्याच्या बंगल्यांवर रखवालदार. मांडव्याला २०२० पासून मोटारी घेऊन येणारी बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीपासून न्हावा-शेव्यापर्यंत जवळजवळ बावीस किलोमीटरचा सेतू खुला झाला. मुंबईचा माणूस आता वीस-पंचवीस मिनिटांत खाडी ओलांडतो. त्याचे आम्ही स्वागत करतो. रामदास बोटीत आप्त गमावलेल्या घरातला माणूस पुलाला नावे ठेवणार नाही. मात्र ही गाडी आपल्याकडे उतरते तेव्हा येथे काय घडते ते पाहा. जमीन विकली जाते, कुंपण पडते आणि भाजीसुद्धा मुंबईहून येते. अलिबागचा पांढरा कांदा, पेणच्या गणपतीच्या मूर्ती, हे येथे होते, येथे घडते आणि येथून बांधून जाते. त्याला हात लागतात. मूर्तीला तर किती हात लागतात! माती मळणारा, साचा भरणारा, डोळे आखणारा. तशी आणखी दहा कामे आपल्या धक्क्यांवर आणि यार्डांभोवती का उभी राहू नयेत? पेटी उघडून माल निवडणे, बांधणे, दुरुस्त करणे, शीतगृहात मासळी ठेवणे. त्यासाठी जागा राखून ठेवावी लागेल, आणि ती राखा म्हणून सांगणारे नगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत तुम्हीच निवडून पाठवता.

कालव्याची शेवटची हकीकत सांगून टाकतो, नाहीतर आम्ही एकच बाजू सांगितली असे होईल. लोहमार्ग आले, मग मोठे रस्ते आले, आणि कालव्याकाठची पुष्कळ गावे ओसरली. सिरॅक्यूसचे मीठ गेले. बफेलोच्या धान्याच्या उंच कोठारांतली कित्येक आज रिकामी आहेत. शंभर वर्षे भरभराट झालेले गावही पुढे बसते. पण त्या शंभर वर्षांत तेथे शाळा झाल्या, छापखाने झाले, कारखान्यांत काम शिकलेली माणसे तयार झाली. पनवेलच्या चाकवाल्यांना तेवढीही सवड मिळाली नाही.

आता आमचे एक काम. त्या अठ्ठेचाळीस जणांच्या टोळीची यादी आम्ही पुन्हा जुळवीत आहो. नव्या मालकाशी बोलणी चालू आहेत. जुन्या कराराची आमच्याजवळची प्रत त्यांनी पाहिली आहे, पण वारसांची नावे पुराव्यासह द्या असे म्हणतात. एकोणचाळीस नावे मिळाली. नऊ जणांचा ठावठिकाणा लागत नाही. त्यांतले चार जण शहापूर-धेरंड भागातले होते एवढे आठवते, आणि एकजण थळचा, ज्याला सगळे नुसते तांडेल म्हणत. कोणाच्या घरी त्या वर्षाची हजेरीकार्डे, पगाराच्या चिठ्ठ्या, निदान टोळीचा एखादा फोटो असेल तर आणावा. कार्ड फाटलेले असले तरी चालेल. सभा संपल्यावर आम्ही वाचनालयाच्या पायरीवर बसणार आहो, आणि उद्या सकाळी दहापर्यंत याच गावात आहो.